'येते' म्हणून दार लावायचं: ऑटिस्टिक माणसाचा एकांत आणि घरची माणसं

आमच्याकडं घराबाहेर पडणारं माणूस 'जाते' म्हणत नाही, 'येते' म्हणतं. कोपऱ्यावर दूध आणायला निघालेलं असो, नाहीतर नोकरीसाठी पुण्याला. चुकून 'जाते' म्हटलं तर आज्जी उंबऱ्यावरच थांबवायची, "येते म्हण गं आधी." हा शब्द घरातल्या घरातही वापरता येतो, हे कळायला मला चाळिशी गाठावी लागली. लग्नाच्या चौदाव्या वर्षी मी पहिल्यांदा "साडेसातला येते" म्हणून माडीचं दार लावलं. त्या दिवशी खाली कुणी रुसलं नाही.

माझं माहेर खानापूर तालुक्यातलं, सासर बेळगावात वडगावला, नोकरी एका पतसंस्थेत. ऑटिझमचं, म्हणजे मेंदूची घडण जन्मापासून वेगळी असण्याचं, निदान झालं ३८ व्या वर्षी. खाली लिहिलंय ते मोठ्या वयाच्या ऑटिस्टिक माणसांसाठी. ज्यांना घरची माणसं हवी आहेत आणि त्या माणसांपासून रोज थोडा वेळ लांब राहणंही हवं आहे, त्यांच्यासाठी. निदानाचा कागद नसला तरी चालेल. यातलं बरंचसं त्याशिवायही करता येतं.

आधी शब्द निवडून घ्या

दार लावलं की घरचे त्याला आपल्या ओळखीचं नाव देतात. कोण म्हणतं रुसली, कोण म्हणतं अबोला धरला, कोण म्हणतं एकटी पडली बिचारी. मराठीत या तिन्ही गोष्टींना आणि एकांताला वेगवेगळे शब्द आहेत हे आपलं नशीब, तेव्हा ते वेगळेच ठेवावेत. अबोला दुसऱ्याला शिक्षा म्हणून असतो. रुसव्याला कुणीतरी समजूत काढायला यावं लागतं. एकटेपणा म्हणजे माणूस हवं असून न मिळणं. एकांत यातला एकही नाही. तो मागून घेतलेला असतो, त्याला सुरुवात असते आणि शेवटही.

'स्वमग्न' या शब्दाचं मात्र मला कधी जमलं नाही. मूळ ग्रीक 'ऑटोस' म्हणजे 'स्वतः', त्यावरून 'ऑटिझम', त्यावरून आपलं 'स्वमग्नता'. लिओ कॅनर या बालमानसोपचारतज्ज्ञांनी १९४३ साली लहान मुलांच्या निरीक्षणांवर लेख लिहिला, तेव्हा मूल आपल्यातच बंद आहे असं बाहेरून दिसत होतं. पण सासूबाईंना 'मी स्वमग्न आहे' असं सांगून बघा. "ते आम्हाला माहीतच होतं" असं उत्तर येईल. घरी मी ऑटिझमच म्हणते. नवा शब्द असला की लोक अर्थ विचारतात. ओळखीचा वाटला की स्वतःच लावून मोकळे होतात.

नेमकं काय संपतं ते हुडका

एकांत मागायच्या आधी तो कशासाठी लागतो ते आपल्याला माहीत पाहिजे. 'मला माणसं झेपत नाहीत' हे वाक्य बहुतेक वेळा चुकीचं असतं, आणि ऐकणाऱ्याला लागतंही.

मी दोन आठवडे भिंतीवरच्या कॅलेंडरवर खुणा केल्या. रोज रात्री त्या दिवसाच्या चौकटीत एक गोल काढायचा. अंगात त्राण उरलेलं असलं तर पूर्ण भरायचा, निम्मं उरलं तर निम्मा, काहीच उरलं नाही तर रिकामा सोडायचा. शेजारी एक-दोन शब्द लिहायचे, 'मीटिंग', 'पावणे', 'मिक्सर' असे. एवढंच. मोठी डायरी ठेवायचा संकल्प कुणी करू नये, चौथ्या दिवशी मोडतो.

निघालं ते मला अनपेक्षित होतं. काउंटरवर चाळीस माणसं आली त्या दिवशीचा गोल निम्मा तरी भरलेला असायचा. घरी दोनच पावणे तासभर चहाला बसून गेले त्या दिवशीचा रिकामा. काउंटरवरचं बोलणं ठरलेलं असतं: पासबुक, रक्कम, सही, पुढचे या. चहाच्या गप्पांमध्ये पुढचं वाक्य कुठून येईल याचा पत्ता नसतो. शिवाय चेहरा हसरा ठेवायचा, डोळ्यांत बघायचं, हात स्थिर ठेवायचे, ही सगळी कामं मी एकेक करून आठवणीनं करत असते. याला मास्किंग म्हणतात. दिवसभर केलं की संध्याकाळी त्याचं बिल येतं.

आवाजाचंही तसंच. वडगावात पॉवरलूम. नवी नवरी म्हणून आले तेव्हा आत्तींना, म्हणजे सासूबाईंना, काळजी, माहेरी शांत गावातली पोर, इथं मागाच्या आवाजात झोपेल कशी. मी पहिल्याच रात्री गाढ झोपले. माग एका ठेक्यात चालतो, पुढचा ठोका कधी पडणार हे कानाला माहीत असतं. मला दचकवतो तो कुकर. शिट्टी होणार हे माहीत असतं, कधी ते नाही. पहिली झाली की दुसरीची वाट बघत माझं अंग आखडून राहतं, तोवर कुणी काय बोललं ते कानात शिरत नाही. म्हणजे प्रश्न मोठ्या आवाजाचा नव्हता, बेभरवशाच्या आवाजाचा होता. हे कळल्यावर उपाय स्वस्तात झाला. कुकर लागला की मी परड्यात जाते, शिट्ट्या मोजायचं काम मुलाकडं.

आपल्या भागातली आणखी एक गोष्ट या यादीत घाला, ती म्हणजे भाषा. घरात मराठी, ऑफिसात कन्नड, बाजारात हिंदी, कागदावर इंग्लिश. बाकीच्यांना ही बदलाबदल जाणवतही नाही. माझं लक्ष एका वेळी एकाच गोष्टीत खोल उतरतं. तिथून उपटून दुसरीकडं लावायचं म्हणजे रोप उपटून लावल्यासारखं, मुळं धरायला वेळ लागतो. ज्या दिवशी तीन भाषांत वसुलीची बैठक, त्या दिवशी रिकामा गोल ठरलेला.

इथं थांबून एक गोष्ट तपासा. एकांतानंतर तुम्ही परत भरता का? अर्धा-पाऊण तास शांत बसल्यावर आवडीच्या कामात मन लागतं का? लागत असेल तर ती ऑटिझमची नेहमीची गरज. पण एकटं बसूनही काहीच आवडेनासं झालं, झोप आणि भूक बिघडली, आणि हे दोन आठवड्यांच्या वर चाललं, तर ते नैराश्य असू शकतं. त्याला दार लावणं हे औषध नाही, डॉक्टर लागतात. सरकारची टेलि-मानस ही फोनसेवा १४४१६ वर चोवीस तास फुकट आहे. जीव नकोसा वाटत असेल तर त्याच दिवशी लावा, आणि घरातल्या एकाला सांगा.

जोडीदाराशी बोलायची वेळ आणि वाक्यं

अर्धं काम वेळ निवडण्यात आहे. दमून आलेल्या संध्याकाळी बोललात तर ते भांडण होणार. मी रविवारी सकाळी चहाच्या वेळी, सासूबाई देवळात गेल्या असताना बोलले. आधी लिहून काढलं होतं. लिहिलेलं वाचून दाखवायला लाजू नका. चेहऱ्याकडं बघत बोलण्यापेक्षा कागद वाचणं आपल्याला सोपं जातं, आणि समोरच्यालाही कळतं की हे रागाच्या भरात आलेलं नाही.

माझी वाक्यं साधारण अशी होती: "अहो, कामावरून आल्यावर माझं डोकं भरलेलं असतं. त्या वेळी तुम्ही काही विचारलंत तर मी तुसडं बोलते, मग रात्रभर मला वाईट वाटतं. आल्या आल्या चाळीस मिनिटं मला माडीवर जाऊ द्या. तुमच्यापासून लांब जायचं म्हणून नाही, खाली आल्यावर तुमच्याशी नीट बोलता यावं म्हणून. साडेसातला मी येणार."

ते गप्प राहिले. मग म्हणाले, "मला वाटायचं मीच तुला नको झालोय." चौदा वर्षं हे त्यांच्या मनात होतं. मी दार लावण्याआधी काही सांगत नव्हते, म्हणून त्या बंद दाराचा अर्थ त्यांनी आपल्या परीनं लावला होता. डॅमियन मिल्टन या ऑटिस्टिक समाजशास्त्रज्ञानं २०१२ साली मांडलं की ऑटिस्टिक माणसाला इतरांचं कळत नाही हे अर्धंच खरं, इतरांनाही ऑटिस्टिक माणसाचं तितकंच कळत नसतं. गोंधळ दोन्ही बाजूंचा असतो. सीमाभागातल्या माणसाला हे उलगडून सांगायला नको. मराठीवाला आणि कन्नडवाला बाजारात एकमेकांकडं बघत उभे राहतात तेव्हा दोघांपैकी मुका कोणीच नसतो.

त्या बैठकीत चार गोष्टी पक्क्या करून घ्या.

एक, खुणेचा शब्द. डोकं भरल्यावर लांब वाक्य सुचत नाही, कधी आवाजच फुटत नाही. आमचा शब्द 'सुम्म'. कन्नडमधून आलेला, 'सुम्म बस' असं आपण पोरांना म्हणतोच. मी नुसतं "सुम्म" म्हटलं की प्रश्न बंद. तोंडातून तेही निघालं नाही तर मनगटावर दोन बोटं टेकवायची.

दोन, परतायची वेळ, घड्याळातली. 'थोड्या वेळानं' चालत नाही. खाली बसलेल्या माणसाला थोड्या वेळाची सीमा दिसत नसते. आणि सांगितलेली वेळ पाळायचीच. साडेसातला अजून बरं वाटत नसेल तरी खाली यायचं, चेहरा दाखवायचा, "अजून वीस मिनिटं, आठला दहा कमी असताना येते" म्हणायचं आणि परत जायचं. मला हे फार जड गेलं. पण विश्वास बसला तो याच्यामुळंच.

तीन, कशासाठी दार वाजवायचं. आमच्याकडं ताप, रक्त, गॅस आणि दारात आलेलं माहेरचं माणूस. रिमोट सापडत नाही हे कारण यादीत नाही.

चार, बाहेर आल्यावर काय करायचं. ही गोष्ट बहुतेक जण विसरतात. नुसतं गप्प परत येऊन ताट वाढायला लागलात तर रुसवा संपला की नाही हे कुणाला कळत नाही. मी खाली आले की यांच्याशेजारी पाच मिनिटं बसते आणि दिवसातली एक गोष्ट सांगते. ठरवून करते, म्हणून खोटं होत नाही.

हिशोबाचंही बोलून घ्या. बाईच्या एकांताची चाळीस मिनिटं कुणीतरी काम करून भरत असतं, आणि बहुतेक घरांत ती सासू असते. ते न सांगता अंगावर टाकलं तर कुरबुर होणारच, आणि ती रास्तही आहे. आमच्याकडं संध्याकाळची भाजी चिरणं यांच्याकडं गेलं, मी पहाटेचे डबे एकटी करते. पहाटे सगळे झोपलेले असतात, तेव्हा त्यातही माझाच फायदा आहे, पण हे घरात सांगू नये.

जागा: वेगळी खोली नसली तरी

गल्लीतल्या घराला सोपा, माजघर, स्वयंपाकघर आणि मागं परडं, बहुतेकांची खोल्यांची गणती इथंच संपते. तेव्हा जागेपेक्षा नियम महत्त्वाचा. माडीवर पोती आणि जुनी ट्रंक असली तरी एक चटई मावते. ट्यूबलाइट काढून पिवळा मंद दिवा लावा, मला त्यानं सर्वांत जास्त फरक पडला. फोमचे कानबोळे औषधाच्या दुकानात मिळतात. कारखान्यात घालतात ते कानावरचे मफही चालतात, हार्डवेअरच्या दुकानात विचारा. साध्या कापसानं आवाज फारसा अडत नाही.

घरात अजिबातच जमत नसेल तर बाहेर. टिळकवाडीतल्या व्हॅक्सिन डेपोच्या झाडांखाली भल्या सकाळी फिरणारे असतात, पण बोलायला थांबत नाहीत. किल्ल्यातली कमल बस्ती, जुनं जैन मंदिर, आतून गार आणि शांत. कपिलेश्वराच्या देवळात जायचं तर सोमवार सोडून. गाडीवरून घरी येताना मी कधीकधी गल्लीच्या तोंडाशी दहा मिनिटं नुसती थांबते. ओळखीचं कुणी विचारलंच तर फोन कानाला लावायचा. मला फोनचा तिटकारा आहे, पण या एका कामाला तो बरा पडतो.

आणि एकांत म्हणजे दरवेळी एकटंच असायला पाहिजे असं नाही. रात्री हे पेपर वाचतात, मी शेजारी बसून जुनी नाणी वर्षाप्रमाणं लावते. तासभर कुणी बोलत नाही. माझ्यासाठी हा संसारातला सर्वांत गोड तास. तुमच्या जोडीदाराला हे जमतंय का बघा. जमलं तर बंद दाराची वेळ आपोआप कमी होते.

सासूबाई, आई आणि गल्ली

सगळ्यांना सगळं सांगायची गरज नाही. मी माणसांचे तीन थर केले. नवरा, मुलगा आणि बहीण यांना ऑटिझमसकट सगळं माहीत. सासूबाई आणि आई यांना काय होतं आणि काय करायचं एवढं माहीत. बाकी गल्लीला "संध्याकाळी डोकं धरतं, जरा पडते" एवढं पुरतं, आणि ते खोटंही नाही.

सासूबाईंनी पहिल्या आठवड्यात जिन्याखालून हाक मारली होती, "दार लावून काय करालीस गं?" सुनेनं दिवसाउजेडी दार लावणं म्हणजे त्यांच्या काळी मोठीच गोष्ट. त्यांना निदानाचे शब्द उपयोगी पडले नाहीत, त्यांच्याच अनुभवातली गोष्ट पडली. त्यांना अर्धशिशी आहे. मी म्हटलं, "आत्ती, तुमचं डोकं उठतं तेव्हा उजेड नको, आवाज नको, कुणी विचारायलाही नको होतं ना? माझं डोकं दुखत नाही, पण बाकी सगळं तसंच होतं, रोज संध्याकाळी." त्या "असं होय" म्हणून आत गेल्या. दुसऱ्या दिवसापासून टीव्हीचा आवाज कमी झाला. तुमच्या घरातल्या मोठ्या माणसाकडं असं काहीतरी असतंच, उपासाच्या दिवशी मौन पाळणारी आत्या, नाहीतर पारायणाला बसल्यावर कुणाशी न बोलणारे मामा. त्याच्यावरून सांगा.

आईचा फोन हा वेगळा विषय. ती कधीही करायची, मी उचलायचे नाही, ती काळजीनं तीनदा करायची. आता मंगळवार आणि शनिवार, रात्री नऊ. मधल्या दिवशी मी सकाळी "बरी आहे" एवढा मेसेज टाकते.

गणपती, शिवजयंती, यात्रा

बेळगावात राहून सणाचा आवाज टाळता येत नाही. विसर्जनाची मिरवणूक रात्र ओलांडून दुसऱ्या दिवसात जाते, वैशाखातल्या शिवजयंतीचे चित्ररथ रात्रभर चालतात. गावची लक्ष्मीची यात्रा भरली की घरात माणसं मोजायची सोय राहत नाही, जेवणाच्या पंगतीवर पंगती उठतात.

तयारी आठवडाभर आधी सुरू करा. सणाच्या आदल्या आणि नंतरच्या दिवशी दुसरं काही ठेवू नका. नंतरचा दिवस सुट्टी टाकूनच मोकळा करा, मी रजा शिल्लक ठेवते ती यासाठीच. कशाला जायचं आणि कशाला नाही हे जोडीदाराबरोबर आधी ठरवा. मी चित्ररथ गच्चीवरून तासभर बघते, रस्त्यावर उतरत नाही. हळदीकुंकवाला सगळ्यांत आधी जाते, गर्दी व्हायच्या आत वाण घेऊन परत.

यात्रेसाठी माझी युक्ती अशी: मागचं काम मागून घ्या. गेल्या यात्रेत मी कोठीची चावी घेतली. तांदूळ, गूळ, पत्रावळ्या, किती गेलं किती उरलं, सगळं वहीत. कोठी अंधारी, गार, आणि आत येणारा प्रत्येक जण फक्त वस्तू मागायचा. कामात असलेल्या बाईला कुणी गप्पा मारायला बसवत नाही. दोन दिवसांनी काकी म्हणाल्या, "एवढा चोख हिशोब कधी लागला नव्हता." रिकामं बसून पावण्यांशी बोलायचं असतं तर मी दुपारीच कोसळले असते.

एवढं करूनही फुटलं तर

फुटतं कधीकधी. कुणाचं रडणं-ओरडणं बाहेर येतं, कुणी दगडासारखं गोठतं, बोलणं बंद होतं. माझं दुसरं होतं. त्या वेळी घरच्यांनी काय करायचं ते कागदावर लिहून स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलंय: दिवा मालवा, पंखा सोडून सगळं बंद करा, पाण्याचा तांब्या ठेवा, हात लावू नका, 'काय झालं' विचारू नका, खोलीबाहेर थांबा. अंगावर जड गोधडी घेतली की मला लवकर बरं वाटतं, काहींना ती सहन होत नाही. तुमचं काय ते शांत असताना ठरवा. आणि नंतर, दुसऱ्या दिवशी, ज्याच्यावर ओरडलात त्याची माफी मागा. ऑटिझम हे कारण झालं, पण समोरच्याला लागलेलं त्यानं भरत नाही.

कागदपत्रांचं थोडक्यात

निदान करून घ्यायचं असेल तर मानसोपचारतज्ज्ञ किंवा क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट हुडका. धारवाडला डिमहान्स ही मानसिक आरोग्याची सरकारी संस्था आहे. जाण्याआधी फोन करून मोठ्या माणसांची तपासणी करतात का ते विचारा. मी पहिल्यांदा एका डॉक्टरांकडं गेले तेव्हा "लग्न झालंय, नोकरी आहे, मग कसला ऑटिझम" म्हणून त्यांनी परत पाठवलं होतं. लहानपणाबद्दल बरंच विचारतात, तेव्हा आई किंवा मोठ्या भावंडाला बरोबर न्या, शाळेची प्रगतिपुस्तकं असतील तर तीही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत ऑटिझम आहे. त्याच्या प्रमाणपत्रासाठी सरकारी दवाखान्यात गेलात तर कागद कन्नडमध्ये असू शकतात. सराव नसेल तर वाचून दाखवणारं माणूस बरोबर असू द्या, दोन भाषांचा ताण त्या दिवशी नको.

वर्षातून एकदा परत बसा

ठरलेलं जुनं होतं. मुलाची शाळा बदलते, शिफ्ट बदलते, कुणी आजारी पडतं. आम्ही दिवाळीनंतरच्या रविवारी कॅलेंडर खाली काढून त्यावरचे गोल बघतो आणि वेळा नव्यानं लावतो. जोडीदारालाही विचारा, त्याला काय कमी पडतंय. यंदा हे म्हणाले, "मला पण रविवारी एक तास पाहिजे. कुणी फोन करायचा नाही." इतक्या वर्षांत मी त्यांना हे कधी विचारलंच नव्हतं. पुढच्या रविवारी ते किल्ला तलावाकडं गेले. साडेनऊ झाले, दहा झाले, मी सोप्यात येरझाऱ्या घालत होते, फोन हातात घेऊन परत ठेवत होते. सव्वादहाला गाडीचा आवाज आला. निघताना 'येतो' म्हणाले होते, पण किती वाजता ते सांगायला विसरले होते.